पटाशीला धार लावताना घाई नडते

आजचा विषय पटाशी, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं सुताराचं हत्यार.

भिंगारच्या घरी माळ्यावर आजोबांची पटाशी सापडली. गंजलेली, बोथट. मी सरळ ग्राइंडर लावला. दोन मिनिटांत टोक चकचकीत, आणि निळं! शेजारचे सुतारकाका बघून एवढंच म्हणाले, "जाळलीस की रे!"

झालं काय, तर पटाशीच्या पोलादाला पाणी देऊन ते कडक केलेलं असतं. घासताना टोक 300 अंशांच्या आसपास तापलं, की ते निळं पडतं आणि कडकपणा उतरतो. मग कितीही धार लावा, टिकत नाही. काका ज्या दगडावर धार लावतात तो कुरुंदाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. ग्राइंडरच्या चाकातही बहुतेकदा तेच असतं. फरक फक्त वेगाचा.

म्हणून घरी हातानेच करा. जाड काच घ्या आणि 220, 400, 1000, 2000 नंबरचे वॉटर पेपर. पेपर ओला केला की काचेवर चिकटून बसतो.

धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे मिळतात ती रेघ. म्हणून आधी पटाशीची पाठ टोकाजवळ सपाट घासा. मग उतार. कोन साधारण 25 अंश. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सव्वादोन ते अडीचपट असली की कोन जमला. उतार मार्करने रंगवा. शाई कुठली जाते त्यावरून हात कुठे कलतोय ते कळतं. पटाशी फक्त मागे ओढा, पुढे ढकललीत तर पेपर फाटेल.

पाठीकडून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेने फिरवा, धारेवरून आडवा नको. पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागली, की पुढचा नंबर घ्या. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दोन्हीकडून ओढलं की ती खरखर निघून जाते.

बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोरातच ती सटकते. धार असली तरी दुसरा हात तिच्या समोर नको.

निळा भाग घासून काढायला माझे दोन रविवार गेले. आजोबांची पटाशी आता चार मिलिमीटर आखूड आहे. पण चालते. भेटू पुढच्या भागात!