रेडियमचा कटर आणि विमानाची फिल्म

सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथे स्टँडजवळ किंवा गॅरेजच्या ओळीत रेडियमचे एखादे दुकान असतेच. कटर, पट्टी, साबणाचे पाणी आणि रंगीत विनायलचे रोल एवढ्या भांडवलावर आपल्या समाजातील अनेक तरुणांनी संसार उभे केले. एमएच ११, एमएच ५०, एमएच १० हे आकडे त्यांच्या बोटांत इतके बसले होते की ते पेन्सिलने आखल्याशिवायही कापत. या कामाचा कणा होता नंबर प्लेट. तो कणाच आता मोडला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक झाली आणि २०२५ मध्ये तिच्या मुदती पुनःपुन्हा वाढत गेल्या. ॲल्युमिनियमच्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्रॅम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो. ती पाटी आपल्या दुकानात बनत नाही, आणि तिची नक्कल करून देणे हा गुन्हा आहे. तो मोह कोणी धरू नये.

मग हातातल्या हुन्नराचे काय करायचे? ट्रक-टेम्पोवरील नक्षी, दुकानांच्या काचा, ऊस वाहणाऱ्या ट्रॉलींचे परावर्तक ही कामे आहेतच. त्यांच्या जोडीला एक वेगळे काम आम्ही या लेखात मांडत आहोत. ते म्हणजे उडत्या छोट्या विमानांच्या म्हणजे मॉडेल विमानांच्या फिल्मवर नक्षी, पट्टे आणि अक्षरे बसवण्याचे. हे रोज मिळणारे काम नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जो हे शिकेल त्याला फिल्म, उष्णता आणि वजन यांचा हिशेब कळेल, आणि तो हिशेब पुढे दुसऱ्या कामांतही उपयोगी पडेल.

हे काम कोणाकडे असते?

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. म्हणजे तंत्रशिक्षण आणि विमानांची ओढ या दोन्ही गोष्टी या पट्ट्यात जुन्या आहेत. एनसीसीच्या हवाई विभागात छात्रांना विमानांची मॉडेल्स बनवायला आणि उडवायला शिकवतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी देशभरातील स्पर्धांसाठी अशी विमाने बांधतात. विद्यार्थी गणित मांडतो, लाकूड कापतो, मोटार बसवतो. शेवटी विमानावर संस्थेचे नाव, क्रमांक आणि पट्टे सफाईने बसवायची वेळ येते तेव्हा त्याचा हात अडतो. तिथे आपला कारागीर उपयोगी पडतो.

फिल्म म्हणजे काय?

मॉडेल विमानाचा पंख भरीव नसतो. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या पट्ट्यांचा तो सांगाडा असतो. पतंगाच्या कामट्यांवर कागद चढवतात, कडेगावच्या उंच ताबुतांच्या बांबूंवर कागद चढतो, तशी या सांगाड्यावर फिल्म चढवतात. ही फिल्म पॉलिएस्टरची असते आणि तिच्या एका बाजूला उष्णतेने जागा होणारा डिंक असतो. छोट्या इस्त्रीने साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास डिंक धरतो. त्याहून बरीच अधिक उष्णता, म्हणजे १५० अंशांच्या जवळपास, दिली की फिल्म आवळते आणि ढोलकीच्या पानासारखी ताणून बसते. कंपनीगणिक आकडे बदलतात, म्हणून रोलबरोबरचा कागद वाचूनच इस्त्री लावावी. मोनोकोट आणि ओराकव्हर ही या फिल्मची जगभर माहीत असलेली नावे आहेत.

गाडीच्या पत्र्यावर विनायल लावताना आपण निश्चिंत असतो, कारण खाली कठीण पत्रा असतो. इथे फिल्मखाली बहुतेक ठिकाणी फक्त हवा असते. पट्टी जोराने ओढली तर खड्डा पडतो. ब्लोअर जास्त वेळ धरला तर मूळ फिल्म हलते आणि पंख पिळला जातो. पिळलेल्या पंखाचे विमान सरळ उडत नाही. या कामात पहिला धडा संयमाचा आहे.

वजनाचा हिशेब

ट्रकवर चार किलो विनायल लावले तरी ट्रकला कळत नाही. विमानाला दहा ग्रॅमही कळतात. दीड मीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद पंख धरू. वरची आणि खालची बाजू मिळून क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटर होते. साधारण फिल्म चौरस मीटरला ६०-७० ग्रॅम धरली तर संपूर्ण पंखाला ५० ग्रॅमच्या आसपास फिल्म लागते. आता त्यातील एक चतुर्थांश भागावर नक्षी करायची आहे. ती फिल्मच्याच तुकड्यांची केली तर सुमारे १२ ग्रॅम वाढतात. आपल्या नेहमीच्या विनायलची केली तर डिंकासकट चौरस मीटरला १२० ग्रॅम धरून २२ ग्रॅमच्या पुढे जातात. म्हणून मोठे पट्टे फिल्मचे करावेत आणि अक्षरे, आकडे, चिन्हे यांपुरतेच विनायल वापरावे.

शेपटीकडे तर अधिकच जपावे. विमान एका ठरावीक बिंदूवर तोलावे लागते. त्या बिंदूपासून शेपटी ६० सेंटीमीटर आणि नाक २० सेंटीमीटर असेल, तर शेपटीवर वाढवलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम शिसे घालावे लागते. म्हणजे विमानावर एकूण ४० ग्रॅम चढले. शेपटीवर भरगच्च चित्र मागणाऱ्या ग्राहकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. तो स्वतःच चित्र लहान करायला सांगेल.

नक्षी दिसण्यासाठी नव्हे, ओळखण्यासाठी

शंभर-दीडशे मीटरवर गेलेले विमान जमिनीवरून काळसर ठिपक्यासारखे दिसते. ते येत आहे की जात आहे, सरळ आहे की उलटे, हे चालवणाऱ्याला क्षणात कळावे लागते. ते कळले नाही तर महिन्याभराची मेहनत मातीत जाते. म्हणून पंखाची वरची बाजू आणि खालची बाजू यांची नक्षी वेगळी हवी. वर मोठे रंगाचे भाग, खाली रुंद काळे-पांढरे पट्टे, अशी विभागणी सोयीची. बारीक वेलबुट्टी जवळून सुंदर दिसते, पण वर गेल्यावर ती पुसली जाते. मोठे त्रिकोण, तारे, चौकटी हे आकार लांबून ओळखू येतात. भौमितिक नक्षीची परंपरा ज्यांच्या डोळ्यांत बसलेली आहे, त्या आपल्या कारागिरांना हे सांगायला नको.

आखणी आधी पूर्ण मापाच्या कागदावर करावी. डाव्या पंखाची नक्षी उजव्या पंखासाठी आरशातल्यासारखी उलटवावी, अक्षरे मात्र कधीही उलटवू नयेत. एकावर एक रंग येणार असतील तर फिकट खाली आणि गडद वर ठेवावा, कारण गडद रंग फिकट फिल्ममधून डोकावतो. जोड तीन ते सहा मिलिमीटरचा ठेवावा आणि त्याची उघडी कड शेपटीच्या दिशेला असावी, म्हणजे वारा ती उचकटणार नाही.

लावण्याची रीत

फिल्मवर फिल्म इस्त्रीने थेट चिकटवायला गेले की फुगे येतात. दोन्ही थर हवा जाऊ देत नाहीत, मध्ये अडकलेली हवा तापून फुगते. यावर ओली रीत चांगली. खालची फिल्म स्पिरिटच्या फडक्याने पुसून तेल आणि बोटांचे डाग काढावेत. काच पुसायचे निळे द्रव त्या जागेवर शिंपडावे. कापलेल्या तुकड्याचा पाठकागद काढून तो त्यावर ठेवावा आणि जागेवर सरकवून घ्यावा. मग मऊ पट्टीने मधून कडेकडे पाणी काढावे, पट्टीवर फडके गुंडाळलेले असावे. रात्रभर वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी डिंक धरेल एवढ्याच कमी उष्णतेची इस्त्री, सुती मोजा चढवून, फक्त कडांवरून फिरवावी. तरीही एखादा फुगा राहिला तर बारीक सुईने छिद्र पाडून इस्त्रीच्या टोकाने दाबावा.

विनायलची अक्षरे आपण गाडीवर लावतो तशीच ट्रान्सफर टेपने आणि साबणाच्या पाण्याने लावता येतात. त्यावर इस्त्री फिरवू नये, विनायल आक्रसते. महत्त्वाचा क्रम असा की मूळ फिल्म आधी पूर्ण आवळून घ्यावी आणि मगच नक्षी लावावी. नक्षी लावून झाल्यावर फिल्म आवळली तर पट्टे वाकडे होतात.

कापताना एक खबरदारी हवी. विमानावर ठेवून कधीही कापू नये. कटरची रेघ मूळ फिल्मवर उमटली की पुढच्या ताणाला ती तिथूनच फाटते. काचेवर किंवा कटिंग मॅटवर, नवे पाते लावून कापावे.

घरी छापलेली चित्रे

बारीक चिन्ह कटरने निघत नसेल तर पारदर्शक स्टिकर कागदावर छापून घेता येते. लेसर प्रिंटरची छपाई पाण्याला टिकते. इंकजेटची शाई ओघळते, तिच्यावर पारदर्शक लॅकरचे दोन-तीन हलके थर द्यावे लागतात. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावरचे चित्र गडद फिल्मवर दिसेनासे होते. अशा जागी पांढऱ्या विनायलचा तुकडा खाली द्यावा किंवा पांढऱ्या स्टिकर कागदावर छापावे.

विमान बॅटरीवर चालते की इंजिनवर, हे काम घेतानाच विचारावे. छोट्या इंजिनांचे इंधन मिथेनॉल आणि तेलाचे असते. ते धुराड्यातून पंखावर उडते आणि साधी शाई, साधा रंग खाऊन टाकते. अशा विमानाला फिल्मचे तुकडेच बरे. छापील चित्र हवेच असेल तर इंधनाला टिकणारा पारदर्शक थर द्यावा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर इंधनाचा थेंब टाकून पाहावा. विद्यार्थ्यांची बरीच विमाने थर्मोकोलसारख्या फोमची असतात. त्यांना थिनर आणि साधा स्प्रे रंग लागला की फोम विरघळतो, इस्त्री लागली की वितळतो. तिथे पाण्याने लावलेले पातळ विनायल किंवा रंगीत टेप एवढेच चालते.

थिनर, स्पिरिट आणि गरम इस्त्री एका टेबलावर ठेवू नयेत. खिडकी उघडी ठेवावी. दुकानात लहान मुले मदतीला असतात, त्यांना या वासात बसवू नये.

मोल आणि सचोटी

दर ठरवताना रेडियमच्या सवयीने चौरस फुटाचा भाव लावू नये. आखणीचे वेगळे, मालाचे वेगळे आणि लावण्याच्या तासांचे वेगळे असे तीन आकडे लिहून द्यावेत. फिल्म महाग असते, म्हणून ती ग्राहकालाच आणायला सांगावी आणि उरलेला तुकडा त्याला परत करावा. पहिले काम घेण्यापूर्वी दोन बाल्साच्या चौकटी बनवून त्यांवर हात बसवावा. नमुना दाखवायलाही त्याच उपयोगी पडतात. छापील चित्र उन्हात फिके पडणार असेल तर ते आधी सांगावे. मालातील दोष झाकून विकू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, आणि विद्यार्थी ग्राहक तर पुढच्या वर्षी नव्या मुलांना घेऊन पुन्हा येतो.

धंदा बदलताना मन कचरते, हे आम्ही जाणतो. पण आपल्याच मिरजेकडे पाहावे. तलवारी आणि शस्त्रे घासून धार लावणारे शिकलगार तिथे होते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार आणि तंबोरा बनवायला घेतला. लोखंड ओळखणारा हात भोपळा आणि लाकूड ओळखू लागला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांवर सेल्युलॉइडच्या पातळ पट्ट्यांची नक्षी बसवतात. फिल्मवर फिल्म बसवण्याच्या कामाचे ते जवळचे नातलगच म्हणावे.

शिकलगारांची शस्त्रे गेली, पण हुन्नर गेला नाही. नंबर प्लेटचेही तसेच आहे. ज्या बंधूंच्या दुकानात आज दुपारी गिऱ्हाईक नसते, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत एक चक्कर मारावी, तिथल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आपल्या कामाचे नमुने दाखवावेत आणि त्यांची गरज विचारावी. सरळ रेघ कापणारा हात आपल्यापाशी आहेच. हलके कापणे आणि हलके लावणे तेवढे शिकून घ्यायचे आहे. मेहनतीला बरकत देणारा अल्लाह आहे.