एक्सप्लेनर : मिहान ते जैसलमेर, वाळूत धावण्याआधी हे वाचा

मिहानच्या रुंद रस्त्यांवर सराव झाला, आता वाळवंटात ट्रेल रनिंग आणि कॅम्पिंग करायचंय? मग जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क आधी समजून घ्या.

कुठे धावायचं? ३,१६२ चौरस किमीचं हे क्षेत्र म्हणजे माळढोकचा देशातला शेवटचा मोठा आसरा. मादी उघड्या जमिनीवर, बहुतेकदा एकच अंडं घालते. एक पाऊल चुकलं तरी तिचा हंगाम वाया जाऊ शकतो. आपल्या वरोरा परिसरातही पूर्वी हा पक्षी दिसायचा. म्हणून धावण्याची वाट आणि तंबूची जागा वन विभागाला विचारूनच ठरवा. कुंपणाजवळ जाऊ नका.

किती धावायचं? वाळूत कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. म्हणजे १० किमीला रस्त्यावरच्या १६ किमीइतका दम लागेल.

पाणी किती? इथेच तासभर धावा, आधी-नंतर वजन करा. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर घाम.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र रात्री पारा १० अंशांखाली जातो. उबदार स्लीपिंग बॅग हवीच.