पहिल्या भेटीचं चॉकलेट

पहिल्या भेटीला चॉकलेट न्यायचं म्हटलं की 'प्रेमाचं रसायन' म्हणून फेनिलइथिलअमाइनचं नाव हमखास निघतं. चॉकलेटमध्ये ते असतं, हे खरं. पण खाल्ल्यावर शरीरातली विकरं त्यातलं बहुतेक सगळं मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच मोडून टाकतात. चॉकलेटचं खरं सुख आहे ते त्याच्या स्निग्धांशात. कोको बटर 6 प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. त्यातला पाचवा प्रकार साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून वडी खोलीत घट्ट राहते आणि जिभेवर ठेवताच विरघळू लागते. वडीची चकाकी आणि मोडताना येणारा 'कट्' आवाज ही याच स्फटिकांची खूण. त्यामुळे भल्यामोठ्या डब्यापेक्षा नीट बनवलेली एक छोटी वडी मला केव्हाही सरस वाटते. घेताना वेष्टन उलटून घटक वाचा. कोको बटरऐवजी दुसरं वनस्पतिजन्य स्निग्ध दिसलं, तर ते 'कंपाउंड' चॉकलेट.

नागपूरच्या मे महिन्यात कंपाउंडच टिकेल, असं कुणी म्हणेल. टिकेलही, पण अनेकदा तोंडात मेणचट थर ठेवून जाईल. अस्सल वडी उन्हात वितळून पुन्हा गोठली की तिच्यावर पांढुरकी साय येते. ती अपायकारक नसते, पण पोत मात्र बिघडतो. फ्रिजमधून काढलेल्या वडीवर दमट हवेत पाणी धरतं. तेव्हा भेटीच्या वाटेवरच, थंड दुकानातून घ्यावी. सुकामेवा टाळावा; समोरच्या व्यक्तीला त्याची ॲलर्जी आहे का, हे अजून ठाऊक नसतं.