टॉवेल, स्वेटर आणि जिना

नव्या ड्रमसेटवर पहिल्यांदा काठी मारली की बहुतेकांना वाटतं, दुकानदाराने फसवलं. रेकॉर्डवर ऐकलेला तो गच्च, सुका ठोका इथे कुठेच नसतो. टॉम नावाचा ड्रम नुसता घुमत राहतो आणि त्याला हात लावला की शेजारचा स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला ड्रम, खरखरतो. मग रुमाल येतो, चिकटपट्टी येते, बेस ड्रमच्या पोटात घरातली उशी जाते. मीही हेच केलं. तो सुका ठोका मुळात ड्रमचा नव्हे, साठ-सत्तरच्या दशकांत स्टुडिओत बसून घडवलेला आहे, हे खूप उशिरा कळलं.

त्याआधी ड्रमवाल्यांची डोकेदुखी वेगळीच होती. ड्रमवर वासराचं कातडं असे. हवा दमट झाली की ते सैल पडे, कोरडी झाली की ताठून चढे. बेस ड्रमच्या आत विजेचा दिवा लावून कातडं शेकत ठेवणारे लोक होते. भाद्रपदातल्या सरीत भिजून ढोलाचं चामड्याचं पान कसं बसतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. १९५७ मध्ये रेमो बेली या अमेरिकन ड्रमवादकाने मायलर नावाच्या प्लॅस्टिकची पानं विकायला काढली आणि हवामानाचा जाच सुटला. सूर टिकू लागला. पण प्लॅस्टिक कातड्यापेक्षा खणखणीत वाजतं आणि वाजत राहतं, त्यामुळे त्याला आवरायचं नवं काम मागे लागलं.

हे घुमणं कानाला का खुपतं, त्याचं उत्तर आपल्याकडच्या वाद्यांत सापडतं. साध्या गोल पानाचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट नसतात, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे पडतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं, की तबला-मृदंगाच्या पानावरच्या शाईच्या वजनामुळे हेच स्वर ओळीत येतात. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती उगाच नाही. ड्रमसेटच्या नशिबी ना शाई, ना कणीक. सगळी भिस्त चावीवर आणि फडक्यावर.

चावीचं काम तबलजीला परकं वाटणार नाही. एक घर चढवलं की समोरचं घर तपासायचं, तसाच ड्रमचा एक स्क्रू पिळला की त्याच्या समोरचा. मग प्रत्येक स्क्रूजवळ काठीने हलकेच टिचकी मारत फिरायचं, सगळीकडे एकच स्वर येईपर्यंत. यात अर्धा तास सहज जातो, म्हणून लोक चिकटपट्टीकडे वळतात. सूर न लावलेल्या ड्रमवर पट्टी चिकटवणं म्हणजे बेसूर गाणाऱ्याला हळू गा म्हणण्यासारखं आहे.

फडक्याची खरी कथा सुरू होते १९६६ च्या एप्रिलमध्ये, लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण होतं आणि नवा इंजिनिअर जेफ एमरिक वीस वर्षांचा होता. बेस ड्रमच्या फार जवळ माइक न्यायचा नाही, असा तिथला नियम. त्याने नियम मोडून माइक जवळ सरकवला आणि ड्रमच्या पोटात एक लोकरी स्वेटर कोंबला. स्वेटरही साधा नव्हे, चौघांनी एकदम घालायचा, चार गळ्यांचा! ठोका एकदम छातीवर येऊ लागला. पुढे १९६९ मध्ये ‘कम टुगेदर’ या गाण्यासाठी बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याने टॉमवर भांडी पुसायची फडकी टाकली. ते गाणं हेडफोनवर ऐकावं. काठी जणू गादीवर पडते, तरी स्वर स्पष्ट कळतो.

मग अतिरेक झाला. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक आला, तसं एकाचं घुमणं दुसऱ्याच्या माइकात शिरू नये म्हणून खालची पानंच काढून टाकण्याची टूम निघाली. सत्तरच्या दशकातल्या कित्येक रेकॉर्डवर ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे वाजतात. मला ते आजही ऐकवत नाहीत.

त्याच दशकाच्या सुरुवातीला उलटा कौल देणारा एक माणूस होता. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमवादक जॉन बॉनम लुडविग कंपनीचे मोठे ड्रम जवळजवळ मोकळेच वाजवी. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत त्याचा सेट प्रवेशदालनातल्या जिन्याच्या तळाशी मांडला आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यात टांगले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याच्या सुरुवातीला जो दणदणाट ऐकू येतो, त्यात ड्रमइतकाच तो जिनाही वाजतोय.

सत्तरचं दशक सरता सरता ही दोन्ही मतं एका ठिकाणी भेटली. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमसाठी फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता. वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी टांगलेल्या माइकातून त्याचे ड्रम भलतेच प्रचंड ऐकू आले. त्या माइकावर आवाज जोरात दाबणारी यंत्रणा बसवलेली होती. इंजिनिअर ह्यू पॅडगॅमने तो आवाज घेतला आणि घुमणं लांबायच्या आत ‘गेट’, म्हणजे आवाज उतरला की तो बंद करणारं यंत्र, लावून कापून टाकलं. कॉलिन्सच्या १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्याने तो आवाज जगभर नेला. गेट म्हणजे तरी काय, टॉवेलच. फक्त ड्रमवर न टाकता खोलीवर टाकलेला.

एवढं कळल्यावर मी एका रविवारी बेस ड्रममधली उशी काढली, चिकटपट्ट्या खरवडल्या, दोन्हीकडची पानं नीट सुरात आणली. स्नेअरच्या कडेला तेवढी रुमालाची एक घडी राहू दिली. सेट पहिल्यांदाच माणसासारखा बोलला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि विचारू लागल्या, ती उशी परत घालता येईल का.