पाच मिनिटांत पोहोचतो!

“निघालोच आहोत, पाच मिनिटांत पोहोचतो!” भ्रमणध्वनीवरचे हे आश्वासन ऐकून जी गृहिणी पुऱ्यांसाठी कढई तापत ठेवते, तिच्या भाबडेपणाचे कौतुकच करावयास हवे. पाहुणे त्या क्षणी स्वतःच्याच घरी हातरुमाल शोधीत असतात!

आपण पूर्वापार असेच, असे म्हणणे मात्र पूर्वजांवर अन्याय करणारे ठरेल. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातील पाण्यावर घटिकापात्र सोडीत असत. तळाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी भरून बुडाली, की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. वाटी कुणाच्या मामासाठी खोळंबत नसे. आज मुहूर्त ‘१२ वाजून ३७ मिनिटे’ असा सुबक छापलेला असतो. आणि त्या मिनिटाला नवरदेव छायाचित्रकाराच्या आज्ञेवरून मान तिरकी करून उभे असतात.

१९०६ साली देशासाठी प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. त्या काळी निदान ‘वेळ कोणती?’ असे विचारण्याची सोय होती. आता देशाची वेळ एक. पण माणसागणिक घड्याळ निराळे!

हे सारे हसण्यावारी नेता येते. पण नेहमीच नव्हे. आमच्या एका वृद्ध शेजाऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. सहाचे आमंत्रण. ते पाचपासूनच धुतलेले धोतर नेसून दारासमोरच्या खुर्चीत बसले होते. मधुमेहामुळे सातला जेवण्याचा त्यांचा नियम. पण पाहुण्यांआधी जेवायचे कसे? साडेआठला मंडळी जमली, तेव्हा आजोबा खुर्चीतच डोळे मिटून मलूल बसले होते. सुनेने घाईघाईने त्यांना चार घास भरविले. त्या उशिरा आलेल्या मंडळींत प्रस्तुत लेखकही होता. माझ्यापाशी रहदारीची सबब तयार होती. ती ओठांवर येईना.

दुसऱ्याचा वेळ हे न विचारता घेतलेले, आणि कधीच न फिटणारे कर्ज आहे, हे त्या रात्री उमगले. वेळेवर जाण्याचा निश्चय केला.

परवा एका स्नेह्यांकडे सातचे आमंत्रण होते. ठोक्याला दार वाजविले. यजमानांनीच दार उघडले; त्यांच्या हाती केरसुणी होती. क्षणभर माझ्याकडे पाहून ते काळजीच्या स्वरात म्हणाले, “का हो, घरी सगळे ठीक आहे ना?”