शब्द एक, घरं अनेक – भाग ७ : नको

गेल्या आठवड्यात ‘पाहिजे’ झालं, आता त्याच्या उलट्या तोंडाच्या भावंडाकडे वळू. सातारा-सांगलीकडं ‘नको’ पुस्तकात सापडतो; तोंडात असतो तो ‘नगं’. पाहुण्यापुढं पोह्यांची बशी आली की “नगं नगं, आत्ताच खाऊन आलोय” आणि पोरगं विहिरीच्या कठड्यावर चढलं की “जाऊ नगंस तिकडं!” पहिला नगं खरा नसतो हे यजमानाला माहीत असतं, म्हणून तो बशी मागं घेत नाही. दुसरा मात्र खराच असतो.

या दोन वाक्यांत शब्दाची दोन वेगळी कामं आहेत. ‘मला चहा नको’ म्हणजे इच्छा नाही. ‘जाऊ नको’ म्हणजे मनाई. पहिल्या कामात त्याची तऱ्हा न्यारी. चहा हवा, भाकरी हवी, दूध हवं, असा ‘हवा’ लिंगाप्रमाणे बदलतो. नको मात्र चहाला नको, भाकरीला नको, दुधालाही नको. फार तर लाडू अनेक असले तर ‘नकोत’. दुसऱ्या कामात तो एकदम क्रियापद होतो आणि समोरच्याचा मान ओळखतो : तू जाऊ नको किंवा नकोस, तुम्ही जाऊ नका. ‘असं व्हायला नको होतं’ ही हळहळ आणि ‘सांगायला नको’ ही मखलाशी, ही पोटकामं वेगळीच.

हिंदीत ही कामं वाटून दिलेली आहेत. तिथं इच्छेला ‘नहीं चाहिए’, मनाईला ‘मत’ किंवा ‘न’. म्हणून मराठी माणूस हिंदी बोलताना इथं अडखळतो. मिरजेतल्या मुसलमान घरांत ऐकू येणाऱ्या दखनीनं ही अडचण ठेवलीच नाही, तिनं मराठीचा नको सरळ उचलला. ‘मेरेकू नक्को’ आणि ‘जाओ नक्को’. दोन्ही कामं शाबूत, पण व्याकरण मात्र उंबऱ्याबाहेर ठेवून. दखनीत ‘नक्का’ नाही; धाकट्याला नक्को, थोरल्यालाही नक्कोच. हा मुलुख विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि त्या दरबारात दखनीत कविता होत होती, तेव्हा ही उसनवारी जुनीच.

जत तालुक्याच्या पूर्व भागात, उमदी-संखकडं गेलं की घराघरांत कन्नड. तिथं नकोच्या जागी ‘ब्याड’ (पुस्तकी कन्नडात ‘बेड’) : ‘ननग ब्याड’ म्हणजे मला नको, ‘होगब्याड’ म्हणजे जाऊ नको, आणि मान द्यायचा तर ‘होगब्याड्री’. शब्द वेगळा, सांगाडा तोच. तमिळचा ‘वेंडाम’ही असाच दुहेरी. उत्तरेकडच्या आर्यभाषांपेक्षा नकोची चाल या शेजाऱ्यांशी जास्त जुळते. हा निव्वळ योगायोग असेल, असं मला वाटत नाही.

पण असला सांगाडा फक्त दक्षिणेचाच असंही नाही. लॅटिनमध्ये ‘नोलो’ म्हणजे ‘माझी इच्छा नाही’. त्याचंच आज्ञार्थी रूप एकट्याला ‘नोली’, अनेकांना ‘नोलिते’, आणि पुढं मूळ क्रियापद ठेवलं की झाली मनाई. आपल्या नको-नका आणि ‘ऊ’कारान्त ‘जाऊ’सारखीच जोडणी! लॅटिनच्या लेकींनी, म्हणजे इटालियन, स्पॅनिश, फ्रेंचनी, ही सोय टाकून दिली आणि साध्या नकारावर भागवलं.

साताऱ्याकडं या शब्दाचं एक विशेषनामही झालं : नकुसा, नकुशी. ‘नकोसा’ पुल्लिंगी, तरी ‘नकुसा’ हे नाव मुलींचंच. व्याकरणाला इथं कुणी विचारलं नाही. दोन-तीन मुलींवर आणखी एक झाली की हे नाव. आधीची मुलं दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरबा म्हणायची रीत महाराष्ट्रभर होती. तिथं ओंगळ नाव ठेवायचं ते पोर जगावं म्हणून. नकुसामागची समजूत निराळी, आता पुढचा मुलगा व्हावा. म्हणजे नकोची दोन्ही कामं या एका नावात आली. पाळण्यातलीला ‘तू आम्हाला नको’ आणि तिच्या मागून येऊ पाहणारीला ‘येऊ नको’. तमिळनाडूतही मुलींना ‘वेंडाम’ नाव ठेवल्याची उदाहरणं आहेत, आणि तिथला शब्दही नेमका दुहेरी कामाचाच.

ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात जाहीर कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावं बदलली गेली. कित्येकींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं. त्यांच्या आजीच्या वयाच्या नकुसाबाईंचं नाव मात्र रेशनकार्डावर आणि मतदार यादीत तसंच राहिलं, कारण त्यांच्यासाठी समारंभ कुणी केला नाही.

पुढच्या भागात ‘नाही’. मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत, असा आपला नकार माणूस बघून बदलतो. फिनलंडच्या भाषेतही तो तसाच बदलतो, तिथून सुरुवात करू.