कानात ढोल, पण कान शाबूत

शिमग्यात श्रीदेव भैरीची पालखी निघाली की ढोल रत्नागिरीकराच्या छातीत आधी वाजतो, कानात नंतर. गणपतीत जाखडीचा मृदंग, एरवी डबलबारीचा पखवाज, वरातीत ‘झिंगाट’. अशा गावात वाढलेल्याला इअरफोनमधून नुसती टिकटिक ऐकू आली तर तो वैतागणारच. मग खोक्यावरचं ‘एक्स्ट्रा बास’ वाचून खरेदी होते आणि आठवड्यात पश्चात्ताप. कानाच्या आत बसणारे मॉनिटर, म्हणजे आयईएम, घेण्यापूर्वी या गमती वाचून घ्या.

कणकेचा बास

भजनाला बसण्याआधी पखवाजवाला डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापतो. चामड्यावर वजन वाढलं की ते सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. कणीक कमी-जास्त करून खर्ज हवा तिथे आणायचा, ही आपल्याकडची जुनी ‘बास सेटिंग’. तबला-मृदंगाच्या शाईने, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या लेपाने, चर्मवाद्य सुरेल कसं होतं, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनीही केला होता. त्यावरचं त्यांचं टिपण १९२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलं.

फट पडली, बास पळाला

२० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट हवेत सुमारे १७ मीटर लांब असते. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मग ती लाट आत मावते कशी? मावावी लागतच नाही. नळीचं तोंड घट्ट बंद असलं की ड्रायव्हरचा, म्हणजे आयईएममधल्या आवाज काढणाऱ्या भागाचा, इवलासा पडदा आतली हवा दाबतो-सोडतो आणि तेवढ्यावर काम भागतं. मात्र कडेला बारीक फट राहिली की कुकरची रिंग सैल असल्यासारखं होतं: दाब निसटतो आणि पहिला बळी खर्जाचा जातो.

ओळखायचं कसं? गाणं चालू असताना आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर टिप, म्हणजे कानात बसणारं मऊ टोपण, लहान पडते आहे. दोन्ही कानांचं माप सारखं असतंच असं नाही, त्यामुळे डावीकडे मध्यम आणि उजवीकडे मोठी टिप लावायला लाजू नका. सिलिकॉनने जमत नसेल तर फोमची टिप बोटांनी चेपून घाला. ती आत फुगते आणि फट बुजवते.

बास एक नव्हे, दोन

साधारण २० ते ६० हर्ट्झ हा सब-बास. तो ऐकू कमी येतो, जाणवतो जास्त. ६० ते २५० हर्ट्झचा मिड-बास म्हणजे थाप, धमक, ठोका. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, पियानोची सगळ्यात डावी पट्टी २७.५ हर्ट्झवर. हिपहॉपमध्ये लांबत जाणारा ‘बूम’ बराचसा रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनची देणगी.

म्हणून आधी आपली गाणी पाहा. डीजे, ईडीएम, रॅप ऐकत असाल तर सब-बास खोल जाणारा सेट घ्या. ढोल-ताशा, लावणी, भजन आवडत असेल तर मिड-बास दमदार हवा. पण २०० हर्ट्झच्या आसपास फारच फुगवटा असला की बुवांचा आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटतो, हे ध्यानात ठेवा.

खोक्यावरचे आकडे

‘५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ’ असं छापलेलं असतं. त्या टोकांना आवाज किती डेसिबलने पडतो हे सोबत दिलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ड्रायव्हरची संख्याही तशीच. बॅलन्स्ड आर्मेचर हा ड्रायव्हरचा प्रकार श्रवणयंत्रांतही असतो. आकाराने चिमुकला, तपशिलाला तल्लख. भरदार ठोक्यासाठी बहुतेक कंपन्या आजही साधा डायनॅमिक ड्रायव्हरच लावतात. नीट जमवलेला एक डायनॅमिक ड्रायव्हर पाच बेसूर ड्रायव्हरांना भारी पडतो.

ड्रमरची अडचण

१९९५ च्या सुमारास व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या दौऱ्यावर ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनला रंगमंचावर स्वतःचं वादन नीट ऐकू येईना. ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वेने त्याच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर तयार केले आणि त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. आज कॉलेजच्या पोरांच्या खिशात असलेल्या वस्तूमागे एका ढोलवाल्याची अडचणही आहे!

शंभरातले पंधरा

लोकांना बास किती आवडतो, हे अमेरिकेतल्या हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी हेडफोन ऐकवून तपासलं. ६४ टक्के श्रोत्यांना हरमनने ठरवलेला समतोल आवडला, २१ टक्क्यांना बास कमी हवा होता आणि १५ टक्क्यांना आणखी जास्त. या शेवटच्या गटात तरुण पुरुषांचा भरणा होता. तेव्हा काकांना तुमचा सेट ‘ढबढब’ वाटला तर भांडू नका, गट वेगळा आहे.

हळू लावलं की बास गायब

फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा सूर वाटायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. म्हणजे हळू आवाजात कुठलाही सेट फिका वाटतो आणि मोठ्या आवाजात कुठलाही बासदार. दुकानात दोन सेट ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर जो मोठ्याने वाजेल तोच जिंकेल.

करबुड्याच्या बोगद्यात

मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्याची खरी परीक्षा उक्षी आणि भोके यांच्यामधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात. गाडीची घरघर खालच्या पट्टीतली, त्यामुळे ती नेमका बासच गिळते आणि बोट आपोआप व्हॉल्यूमवर जातं. अशी एकसुरी घरघर नॉइज कॅन्सलिंग चांगली मारते. तसे हेडफोन बनवण्याची कल्पना ‘बोस’ कंपनीच्या अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. वायरवाला साधा आयईएम असेल तर घट्ट टिप हाच उपाय.

फुकटचा बास

नवा सेट घेण्याआधी मोबाईलमधला इक्वलायझर उघडा. १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल वाढवा आणि एकूण पातळी, म्हणजे प्रीअ‍ॅम्प, तेवढीच खाली आणा, नाहीतर आवाज फाटेल. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, म्हणून १५-२० डेसिबल चढवायचा मोह नको. ‘ट्रूथइअर झिरो रेड’ या सेटसोबत तर बास वाढवायला १० ओहमचा छोटा अडॅप्टरच मिळतो.

खारा वारा, ओला कान

मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळ काढणाऱ्यांनी जपायचं ते पिनांना. घाम आणि खारट दमट हवा केबलच्या जोडाला गंज चढवतात. व्यायामाला वापरणार असाल तर घाम-शिंतोड्यांपुरती आयपीएक्स-४ ही खूण पाहा. घरी आल्यावर सेट कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. एका बाजूचा आवाज बसला तर सेट बिघडला असं लगेच ठरवू नका. बरेचदा सेटच्या नळीच्या तोंडची जाळी मळाने किंवा ओलाव्याने बुजलेली असते.

आणि कान?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला जेमतेम ४. बासचा शौक व्हॉल्यूमने भागवला तर हा कोटा मुंबईच्या एका फेरीतच संपेल.

तेव्हा क्रम असा: आधी टिप, मग इक्वलायझर, आणि तरीही भूक राहिली तर नवा सेट. तो घेताना आपलं रोजचं गाणं लावून ऐका. थाप वेगळी, गायकाचा आवाज वेगळा ऐकू आला तर पैसे मोजा, नाहीतर पुढचं दुकान गाठा.